आम्ही मालक असतो तर?

‘इतिहासात जर-तरला स्थान नसते’ हे वाक्य आपल्याकडचे वक्ते मोठ्या गांभीर्याने उच्चारतात आणि पुढचा तासभर जर-तरच बोलत राहतात. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? निजाम आणि पेशवे टिपू सुलतानाच्या बाजूने उभे राहिले असते तर? औरंगजेबाऐवजी दारा शुकोह तख्तावर बसला असता तर? फाळणी टळली असती तर? मुस्लिम समाजाच्या बैठकांत तर या प्रश्नांवाचून चहा संपत नाही. या साऱ्या प्रश्नांचा साचा एकच आहे. तख्तावर कोण बसले असते, एवढेच त्यांत विचारलेले असते. त्या तख्ताखाली कोण राबले असते, बाजारात कोण विकले गेले असते, हे कुणी विचारत नाही.

मराठीत या धाटणीची गाजलेली कथा जयंत नारळीकरांची. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा पुढचा इतिहास निराळा घडतो. ती विज्ञानकथा आहे, तिचा हेतू वेगळा आहे. तिच्यावर माझा आक्षेप नाही. पण पानिपताचा जर-तर मांडणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १७६१ साली अब्दालीच्या फौजेने पराभूतांच्या बायका-मुलांना गुलाम करून नेले, हे आपण अनेकदा ऐकले आहे. त्याच काळात पेशव्यांच्या राज्यात कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात होत्या, हे मात्र फारसे कुणी बोलत नाही. पानिपत कुणीही जिंकले असते, तरी त्या बाईची किंमत ठरायची थांबली नसती.

जर-तरचा हा खेळ गंभीर कामाला लावला तो अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या काही लेखकांनी, आणि तोही गुलामगिरीच्या विषयावर. इतिहासाचा एक सांधा बदलायचा आणि त्यानंतरचे जग कादंबरीत उभे करायचे, अशी ही रीत. तिच्याविषयी माझे म्हणणे सरळ आहे. ज्या कादंबरीत फक्त विजेता बदलतो, ती वाचकाचे लाड करते. जी वाचकाला मालकाच्या ओसरीवर नेऊन बसवते, ती खरे बोलते. या दुसऱ्या जातीच्या पुस्तकांकडे आपण मुसलमान वाचकांनी पाठ फिरवता कामा नये. कारण त्यांतल्या एका कादंबरीत तो मालक मुसलमान आहे.

आधी पहिल्या जातीविषयी. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. युद्धाच्या तोंडावर त्या देशात सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली ती ही मालमत्ता राखण्यासाठी, आणि हरली. ‘दक्षिण जिंकली असती तर?’ हा प्रश्न तेव्हापासून तिथल्या लेखकांना भूल घालतो आहे. १९३० साली खुद्द विन्स्टन चर्चिल यांनी या विषयावर एक कल्पनानिबंध लिहिला. त्यात दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली जिंकतो आणि आपण होऊन गुलामगिरी संपवतो! हॅरी टर्टलडव्ह यांच्या १९९२ सालच्या ‘द गन्स ऑफ द साउथ’ या कादंबरीत दक्षिण आफ्रिकेचे गोरे वर्णद्वेष्टे भविष्यातून येऊन लीच्या फौजेला एके-४७ बंदुका पुरवतात. दक्षिण जिंकते, ली पुढे राष्ट्राध्यक्ष होतो आणि टप्प्याटप्प्याने गुलामांना मोकळे करण्याचा कायदा आणतो. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच. गुलामांची सुटका ही गुलामाने मिळवलेली गोष्ट राहत नाही, ती मालकाच्या मोठ्या मनाची खैरात होते.

खरा ली कसा होता? १८५९ साली त्याच्या ताब्यातले काही गुलाम पळाले आणि पकडले गेले. त्यांच्यापैकी वेस्ली नॉरिस यांनी १८६६ साली साक्ष नोंदवली की, लीने त्यांना फटके मारवले आणि उघड्या जखमांवर मिठाचे पाणी ओतायला लावले. १८६३ साली याच लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा तिथल्या मोकळ्या काळ्या माणसांनाही धरून दक्षिणेत नेण्यात आले. दुसऱ्या बाजूला, सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात भरती होऊन लढले. कल्पनेला मोकळीक असते, मान्य. पण मारणाऱ्याला मुक्तिदाता आणि लढणाऱ्याला बघ्या करून टाकणारी कल्पना कुणाच्या सोयीची, हे विचारायला नको का?

२०१७ साली ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या निर्मात्यांनी एचबीओ वाहिनीसाठी ‘कॉन्फेडरेट’ या मालिकेची घोषणा केली. दक्षिण टिकून राहिली आहे आणि आजही गुलामगिरी कायदेशीर आहे, अशी तिची कल्पना. काळ्या समाजातून विरोध उसळला. ता-नेहिसी कोट्स यांनी ‘द अटलांटिक’मध्ये त्या कल्पनेवर कठोर टीका केली. दक्षिणेचा विजय ही ज्यांना निव्वळ कल्पना वाटते त्यांनी काळ्यांचे जिणे पाहिलेलेच नाही, असा त्या साऱ्या विरोधाचा रोख होता. ती मालिका पुढे बारगळली. बरे झाले.

याउलट टेरी बिसन यांची ‘फायर ऑन द माउंटन’ (१९८८) पाहा. जॉन ब्राउन या गोऱ्या बंडखोराने ऑक्टोबर १८५९ मध्ये हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर छापा घातला. तो फसला आणि डिसेंबरात त्याला फाशी झाली. शेकडो गुलामांना सोडवणाऱ्या चळवळीतली धाडसी स्त्री हॅरिएट टबमन त्या छाप्यात नव्हती. बिसन यांच्या कादंबरीत ती सामील होते, छापा यशस्वी होतो आणि दक्षिणेत काळ्यांचे स्वतंत्र राष्ट्र उभे राहते. गंमत अशी की, त्या सुखी जगातली माणसे एक कल्पित पुस्तक वाचतात. त्यात ब्राउन हरलेला असतो. म्हणजे आपण जगलो तो इतिहास त्यांना एक भयंकर कल्पना वाटते! इथे सुटका कुणाच्या मेहरबानीने होत नाही. गुलाम ती स्वतः मिळवतात. जर-तर असा लिहिला जातो.

आता आपल्या दारातला प्रश्न. स्टीव्हन बार्न्स या काळ्या अमेरिकन लेखकाची ‘लायन्स ब्लड’ ही कादंबरी २००२ साली आली आणि ‘झुलू हार्ट’ हा तिचा पुढचा भाग २००३ साली. तिच्यातले जग असे: आफ्रिका पुढारलेली आहे, युरोप मागास राहिला आहे. समुद्रापलीकडचा नवा मुलूख आफ्रिकेच्या मुसलमानांनी वसवला आहे. शेती मोठी, मजूर कमी. म्हणून आयर्लंडच्या किनाऱ्यावरची गोरी माणसे धरून आणायची आणि विकायची. एडन नावाचा आयरिश पोरगा असा धरला जातो, जहाजाच्या तळाशी कोंडला जातो आणि एका श्रीमंत मुसलमान जमीनदाराच्या घरी येतो. त्या घरचा मुलगा काई त्याचा मित्र होतो. दोघे एकत्र वाढतात. एकाच गुलाम मुलीवर दोघांचा जीव जडतो; पण मालक त्यांतला एकच असतो.

आणि त्या मुलखाचे नाव आहे बिलालिस्तान.

हे नाव वाचून मुसलमान वाचकाने थांबले पाहिजे. हजरत बिलाल (रजि.) मक्केतले हबशी गुलाम. तापल्या वाळूवर छातीवर दगड ठेवून त्यांचा छळ झाला, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी त्यांना सोडवले आणि ते इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले. गुलामगिरीचा विषय निघाला की आपण पहिले नाव त्यांचेच घेतो. त्यांच्या नावाचा देश, आणि त्या देशात माणसांचा बाजार! बार्न्स यांनी हा इस्लामचा उपहास केलेला नाही. त्यांचा जमीनदार क्रूर नाही. तो विद्वान आहे, नमाजी आहे, मुलांवर माया करणारा आहे. काईचा उस्ताद सूफी आहे. गुलामांना नाहक मारू नये, असे त्या घरात मानले जाते. तरी सकाळी फजरची नमाज होते आणि दिवसा गुलामाची पाठ वाकते. दोन्हींत विसंगती आहे असे त्या घरातल्या बहुतेकांना वाटतच नाही. पुस्तकाचे सारे बळ इथे आहे. मालक वाईट असता तर वाचक सुटला असता. तो चांगला आहे, म्हणून अडकतो.

आपले काही मित्र यावर ठरलेले उत्तर देतील. इस्लामने गुलामांना माणूस मानले, त्यांना मुक्त करणे हे पुण्यकर्म ठरवले, जकातीचा एक वाटा त्यासाठी राखला, गुलाम तख्तावर बसले. मग हा लेखक आमच्यावर हे कसले किटाळ आणतो? यातले एकही विधान खोटे नाही. पण शिकवण एक आणि मुसलमानांच्या राज्यांचा इतिहास दुसरा. बसऱ्याजवळच्या दलदलीत राबणाऱ्या जंज गुलामांनी ८६९ साली अब्बासी खिलाफतीविरुद्ध बंड केले, हा तर मुसलमानांच्याच इतिहासातला भाग आहे. चौदा वर्षे त्यांनी स्वतःचे राज्य चालवले, ८७१ साली बसरा घेतले. आणि जिंकल्यावर काय केले? पकडलेल्या बायका-मुलांना गुलाम केले. बार्न्स यांना कल्पना करावी लागली ते बसऱ्यात घडून गेले होते. गुलाम जिंकला म्हणजे गुलामगिरी हरते असे नाही.

१६१५ च्या सुमारास टिंबक्टूचे आलिम अहमद बाबा यांनी काळेपणा हे गुलाम करण्याचे कारण होऊ शकत नाही, असा निर्वाळा दिला. ही केवढी मोठी गोष्ट! पण त्याच लिखाणात श्रद्धाहीनाला युद्धात गुलाम करणे त्यांनी वैध मानले. ट्यूनिसच्या अहमद बेने १८४६ साली, म्हणजे अमेरिकेच्या एकोणीस वर्षे आधी, गुलामगिरी बंद केली. १८६४ साली तिथल्या जनरल हुसैन यांनी अमेरिकन वकिलाला पत्र लिहून गुलाम सोडून देण्याचा सल्ला दिला. याचा अभिमान जरूर बाळगू. मग हेही सांगू की सौदी अरेबियाने गुलामगिरी बंद केली ती १९६२ साली आणि मॉरिटानियाने १९८१ साली. तिथे तो गुन्हा ठरायला २००७ साल उजाडावे लागले. अभिमानाची पाने वाचायची आणि ही पाने चिकटवून टाकायची, याला इतिहास म्हणत नाहीत.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. काळ्यांना मालक आणि गोऱ्यांना गुलाम दाखवले की गोऱ्या वाचकाला सोयीची पळवाट मिळते: ‘संधी मिळाली असती तर सगळ्यांनी हेच केले असते, मग आम्हालाच दोष का?’ ही भीती अनाठायी नाही. अटलांटिक ओलांडण्यासाठी सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे जहाजांवर चढवली गेली. त्यांतली जवळपास १८ लाख वाटेतच मेली. हे घडलेले आहे. बिलालिस्तान घडलेले नाही. कल्पनेतल्या अपराधाने घडलेल्या अपराधाचे ओझे कणभरही हलके होत नाही. पण या उलट्या मांडणीचे काम दोष वाटून टाकणे हे नाहीच. बर्नार्डीन एव्हारिस्टो यांच्या ‘ब्लाँड रूट्स’मध्ये (२००८) डोरिस ही इंग्रज पोर आफ्रिकेच्या मालकांना विकली जाते आणि तिचे नावही हिरावले जाते. ‘रूट्स’मधल्या कुंटा किंटेचे हाल वाचून हळहळणारा गोरा वाचक मनात अंतर राखू शकत होता. डोरिसच्या बाबतीत ते राखता येत नाही. मांडणी उलटी करायची ती यासाठी.

मग आपले अंतर कोण मोडणार? आपण मुसलमान वाचक आयरिश एडनच्या जागी स्वतःला सहज बसवतो. दंगली, संशय, पोलीस चौकशा, भाड्याने घर न मिळणे हे सारे सोसलेल्या समाजाला पीडिताची जागा ओळखीची असते. ते दुःख खरे आहे आणि त्याविषयी लिहिलेच पाहिजे. परंतु कादंबरी आपल्याला काईच्या जागी बसायला सांगते, तेव्हा आपण पुस्तक मिटतो. ज्या साहित्याला स्वतःच्या समाजाचा मालकपणा दिसत नाही, त्याचे पीडितपणाचे लिखाणही हळूहळू तक्रार अर्जासारखे होत जाते.

या विषयाचा धागा आपल्या मातीतही आहे. मलिक अंबर आपला अभिमान. खडकी वसवणारा, नहर बांधणारा, जमीन महसुलाची घडी बसवणारा, मोगलांना जेरीस आणणारा वजीर. इथिओपियात जन्मलेला हा पोरगा गुलाम म्हणून विकला गेला, मोखा आणि बगदादच्या वाटेने दख्खनेत आला, हे आपण भाषणात सांगतो. कारण त्याने कर्तृत्वाला उठाव येतो. त्याला अहमदनगरात विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा स्वतःही एके काळी हबशी गुलाम होता, आणि त्याने असे सुमारे हजार हबशी विकत घेतले होते, हे मात्र आपण सांगत नाही. त्या हजारांतला एक मलिक अंबर झाला. उरलेल्यांचे काय झाले? त्यांची नावे काय? आपल्या एकाही कथाकाराला हा प्रश्न पडू नये याचे मला नवल वाटते. ‘अंबर आणखी वीस वर्षे जगला असता तर?’ यावर आपण रात्र जागवू. पण ‘अंबर विकला गेलाच नसता तर?’ हे आपण विचारत नाही. त्या प्रश्नात तख्त नाही ना!

वारसा म्हणाल तर तोही आपल्या अंगणात आहे. सावळ्या पोराला चिडवायला ‘हबशी’ म्हणणारी घरे आपलीच. गोरी मुलगी शोधत गावोगाव फिरणारे वरपिते आपलेच. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे कौतुक करणारे आपण उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीत मजुरी करणाऱ्या सिद्दींना कितीसे ओळखतो? त्यांच्यातले काही पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळालेल्या गुलामांचे वंशज आहेत. त्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. आणि अश्रफ-पसमांदाची उतरंड मानणाऱ्या समाजाने ‘आमच्यात उच्चनीच नाही’ असे म्हणत बार्न्स यांच्यावर रागावणे कितपत शोभते?

कुणी म्हणेल, गुलामगिरी संपून दीड शतक उलटले, आता या कल्पना कशाला? संपली कुठे? ब्रिटनने १८३३ साली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला आणि २ कोटी पौंडांची भरपाई दिली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड झाली २०१५ साली. म्हणजे तिथे स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी बांधवांच्या करातूनही त्या मालकांच्या भरपाईचा हिशेब चुकता झाला. हैतीच्या गुलामांनी लढून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. १८२५ साली फ्रान्सने त्याची किंमत म्हणून त्यांच्यावर १५ कोटी फ्रँक लादले. पुढे रक्कम घटली, पण त्यापायी झालेले कर्ज फिटायला १९४७ साल उजाडले. ब्रिटिश मळ्यांवर गुलामांच्या जागी गिरमिटिये गेले, आणि मॉरिशसला गेलेल्यांत मराठी बोलणारेही होते. अमेरिकेच्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, परंतु गुन्ह्याच्या शिक्षेपुरता अपवाद ठेवला; त्या अपवादातून काळ्या कैद्यांची मजुरी भाड्याने देण्याचा धंदा उभा राहिला.

केव्हिन विलमॉट यांच्या ‘सी.एस.ए.’ (२००४) या चित्रपटात दक्षिण जिंकलेल्या अमेरिकेतल्या काळ्यांची टवाळी करणाऱ्या जाहिराती दिसतात. प्रेक्षक हसतो. शेवटी पडद्यावर कळते की त्यांतली कित्येक उत्पादने खऱ्या अमेरिकेत खरोखर विकली जात होती. पर्यायी इतिहास आणि खरा इतिहास यांतले अंतर किती थोडे आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगणार?

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. दूरच्या देशातल्या गुलामाचे दुःख वाचून त्यांनी आपल्या गावातला गुलाम ओळखला, आणि आपल्याच समाजरचनेला जाब विचारला. दूरचे पुस्तक वाचावे ते असे.

अमेरिकेत नेलेल्या गुलामांत मुसलमान होते हे आपण अलीकडे कौतुकाने सांगू लागलो आहोत. फुटा तोरोचे उमर इब्न सईद हे शिकलेले गृहस्थ. १८०७ साली त्यांना चार्ल्सटनला आणून विकले. १८३१ साली त्यांनी अरबीत स्वतःची हकीकत लिहिली आणि आरंभी सूरह अल-मुल्क उद्धृत केली. सारी मालकी अल्लाहची, हा त्या सूरहचा आशय. एका माणसाच्या मालकीच्या माणसाने आपल्या आत्मकथनासाठी नेमकी तीच सूरह निवडावी, याचा अर्थ उलगडून सांगायला नको. ते गुलाम म्हणूनच वारले. त्यांचा धर्म आपला म्हणून त्यांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. पण त्यांचे म्हणणे मानायचे तर कुणाही माणसावरची कुणाही माणसाची मालकी नाकारावी लागते. मग तो मालक कॅरोलिनाचा ख्रिस्ती असो, बसऱ्याचा असो की अहमदनगरचा.

आपल्या तरुण लेखकांना माझे सांगणे एवढेच आहे. जर-तर जरूर लिहा. गेलेली तख्ते कागदावर परत मिळवण्यासाठी मात्र लिहू नका. ते काम आपल्या वाचाळ पुढाऱ्यांवर सोडा. चंगेजखानाने घेतलेल्या त्या हजारांतला, वजीर न झालेला एखादा हबशी घ्या. त्याला नाव द्या, आई द्या, भाषा द्या. त्याला विकत घेणारा माणूस चांगला, दयाळू, नमाजी दाखवा. आणि कथा वाचून झाल्यावर आपला वाचक अस्वस्थ होतो की खुश होतो, ते पाहा. खुश झाला, तर ती कथा पुन्हा लिहायला घ्या.